कणा सरळ झाल्यावर
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मांडवात बाहेरून वक्ते येतात. यंदा घरच्याच माणसांनी बोलावं असं ठरलं आणि आमचं नाव पुढे आलं. बोलणार एकजण असला तरी सांगायचं आहे ते आम्हा नवरा-बायको दोघांचं, म्हणून सगळीकडे 'आम्ही'च म्हणू. आमच्यापैकी एकाची वीस वर्षं सिव्हिलच्या डिप्लोमावर सरकारी बांधकामांची मापं घेण्यात गेली. तेव्हा भाषणात अलंकार कमी आणि मापं जास्त येतील, सांभाळून घ्या.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या मुलीचं पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं. तेराव्या वर्षी तिच्या कण्याला बाक असल्याचं कळलं. डॉक्टरी भाषेत त्याला स्कोलिओसिस म्हणतात. हा मजकूर तिने आधी वाचला आहे आणि त्यातली दोन वाक्यं खोडलीही आहेत. उरलेलं तिच्या परवानगीने सांगतो आहोत.

आपल्या सगळ्यांच्या मनात कुब्जेची गोष्ट बसलेली असते. भागवतात ती येते. मथुरेच्या रस्त्यावर कृष्णाला चंदनाची उटी देणारी ती त्रिवक्रा. कृष्णाने तिच्या पावलांवर पाऊल ठेवलं, दोन बोटांनी हनुवटी उचलली, आणि ती एका क्षणात सरळ आणि सुंदर झाली. कण्याचं ऑपरेशन म्हटलं की नातेवाइकांना हीच गोष्ट आठवते. मुलगी आत गेली वाकडी, बाहेर आली सरळ, मग आता काय उरलं? आजचं बोलणं त्या उरलेल्याबद्दल आहे.

आधी रोगाविषयी थोडं. दहा ते सोळा वयाच्या शंभर मुलांत दोन-तीन जणांच्या कण्याला दहा अंशांहून जास्त बाक असतो. बहुतेकांचा बाक लहानच राहतो, त्यांना काही करावं लागत नाही. लहान बाक मुलामुलींत जवळपास सारखा आढळतो, पण वाढत जाणारा मोठा बाक मुलींत कितीतरी पट जास्त. कारण बहुधा सापडत नाही. दप्तराच्या ओझ्याने होतो, वाकडं बसल्याने होतो, आईने गरोदरपणी ग्रहण पाहिल्याने होतो, हे सगळं आम्ही ऐकलं. त्यातलं काहीही खरं नाही. बाक पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान असेल आणि मूल वाढतं असेल तर पट्टा देतात. त्याचा उपयोग होतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसलं. पट्टा बांधलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या पातळीपर्यंत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. पंचेचाळीस-पन्नास अंशांच्या पुढे ऑपरेशनचा विचार होतो. आमच्या मुलीचा बाक कळला तेव्हाच चौपन्न अंश होता.

हे अंश मोजायची रीत अमेरिकेतल्या जॉन कॉब या डॉक्टरांनी १९४८ साली रूढ केली. एक्सरेवर सर्वात कललेल्या वरच्या आणि खालच्या मणक्याला रेघा मारायच्या आणि त्यांच्यातला कोन घ्यायचा. मापं घेणाऱ्या माणसाला हे लगेच पटलं. त्याहून पटलं ते डॉक्टरांनी मानेच्या शेवटच्या मणक्यापासून ओळंबा सोडून धड कुठल्या बाजूला सरकलं आहे ते पाहिलं तेव्हा. भिंत उभी आहे की नाही हे पाहायचं गवंड्याचं हत्यार इतक्या मोठ्या दवाखान्यात भेटेल असं वाटलं नव्हतं.

ऑपरेशन एका मोठ्या शहरात झालं. मणक्यांत स्क्रू बसवून दोन सळया टाकल्या. चौपन्नाचे अठरा अंश झाले. सर्जननी एक्सरे दाखवला आणि आम्ही हात जोडले. त्या यशाबद्दल आमच्या मनात आजही शंका नाही.

घरी आल्यावर अंघोळीच्या वेळी आणि कपडे घालताना जे दिसायला लागलं ते त्या एक्सरेत नव्हतं.

पहिलं म्हणजे उंची. ती झोपली होती एका उंचीची आणि उठली चार सेंटिमीटरने उंच. कण्याचा बाक सरळ झाला की आत दडलेली उंची बाहेर येते, हे समजण्यासारखं आहे. पण ती सगळी धडात येते, पायांत नाही. त्यामुळे कुर्ते आखूड झाले, सलवार तशीच राहिली, आणि कंबर खाली सरकल्यासारखी वाटू लागली. त्यात दवाखान्यात वजन उतरलेलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'पोरगी ओढल्यासारखी दिसते.' शब्द कठोर, पण वर्णन चूक नव्हतं.

दुसरं, खांदा. ऑपरेशनच्या आधी तिचा उजवा खांदा वर असायचा. ऑपरेशननंतर डावा वर गेला. आम्ही घाबरलो. दवाखान्यात फोन केला तर उत्तर मिळालं, 'एक्सरे छान आहे, काळजी करू नका.' दुसऱ्यांदा फोन केला तरी तेच. एक्सरे छान होताच. आमचा प्रश्न एक्सरेबद्दल नव्हता. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी तिच्यादेखत विचारलं, 'अगं, हा खांदा आधी असा नव्हता ना? बिघडलं का काही?' त्या दिवसापासून तिने एक वेणी घालणं सोडलं. केस मोकळे आणि दोन्ही खांद्यांवर ओढणी. शाळेच्या स्नेहसंमेलनातून नाव काढून घेतलं. पंधरा वर्षांच्या मुलीने अंगावर एवढं मोठं ऑपरेशन सोसावं आणि आरशासमोर जाऊ नये, याचा त्रास आम्हाला त्या ऑपरेशनच्या रात्रीपेक्षा जास्त झाला.

खांद्याचं कोडं आम्हाला दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून उलगडून दाखवलं. छातीतला मोठा बाक उजवीकडे असतो तेव्हा त्याच्या वर, मानेच्या खाली, डावीकडचा एक छोटा बाक असतो. शरीराने डोकं मधोमध ठेवण्यासाठी तो स्वतःच घेतलेला असतो. मोठा बाक सरळ केला आणि वरचा छोटा बाक राहिला की तो डावा खांदा उचलतो. म्हणून मोठ्या बाकाबरोबर वरचाही सळयांच्या आत घ्यायचा की मोकळा ठेवायचा, हा सर्जनपुढचा खरा अवघड प्रश्न असतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स लेंके या सर्जननी २००१ साली बाकांचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात हा वरचा बाक वेगळा धरलेला आहे. कमी मणके जोडले तर हालचाल जास्त राहते, जास्त जोडले तर आकार बरा येऊ शकतो. दोन्ही एकदम पूर्ण मिळत नाही. आणि पुष्कळ मुलांत खालचा मोकळा कणा वर्ष-दोन वर्षांत स्वतःला जुळवून घेतो आणि खांदे जवळ येतात. सगळ्यांत येतात असं नाही. हे दहा मिनिटांचं बोलणं आधी झालं असतं तर ती ओढणी लागली नसती, असं आमचं मत आहे.

तिसरी गोष्ट बरगड्यांची. कणा नुसता बाजूला वाकत नाही, तो पिळलाही जातो आणि बरगड्यांना सोबत घेऊन फिरतो. म्हणून पाठीत एका बाजूला उंचवटा येतो आणि पुढे छातीची एक बाजू वर दिसते. बाक सरळ झाला तरी पीळ पूर्ण सुटत नाही. मागचा उंचवटा कमी होतो, पण बहुधा थोडा उरतो. पुढची उंचसखल तर पुष्कळदा तशीच राहते. मुलींच्या आयांनी हे आधी माहीत करून घ्यावं, कारण मुलगी हा प्रश्न वडिलांना विचारत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही विचारत नाही.

पूर्वी याहून वेगळी तऱ्हा व्हायची. अमेरिकेत ह्यूस्टनला पॉल हॅरिंग्टन नावाचे सर्जन होते. पोलिओने कणा वाकलेली मुलं त्यांच्याकडे येत. त्यांच्यासाठी त्यांनी पोलादी सळई काढली आणि १९६२ साली त्याविषयी लिहिलं. ती सळई कण्याला वरखाली ताणायची, म्हणजे थोडक्यात कुब्जेचाच उपाय. बाक कमी व्हायचा, पण बाजूने पाहिलं तर कमरेची नैसर्गिक खोलीही ताणून सपाट व्हायची. ती माणसं चाळिशी-पन्नाशीत पुढे झुकून चालू लागली, सरळ उभं राहायला गुडघे वाकवावे लागू लागले. पुढे १९८०च्या दशकात फ्रान्समधल्या कॉट्रेल आणि ड्युबुसे यांनी नुसतं ताणण्याऐवजी पीळ आणि बाजूची वळणंही धरून दुरुस्ती करायची पद्धत आणली. त्याच ड्युबुसे यांनी दाखवलं की फार लहान मुलाचा कणा मागून जोडला तर पुढचा भाग वाढतच राहतो आणि कणा पुन्हा पिळत जातो. म्हणून लहान मुलांसाठी आता वाढवता येणाऱ्या सळया वापरतात.

आता आमच्या शिंप्याची गोष्ट. बुऱ्हाणपूर कापडाचं गाव, पण कापड अंगावर बसवणारा माणूस वेगळा लागतो. आमच्या शिंपीमामांनी मुलीची मापं घेतली, दोन्ही खांद्यांची वेगवेगळी, आणि काही न विचारता वहीत लिहिली. डाव्या खांद्याची शिलाई थोडी उतरवली, उजव्या खांद्यात पातळ गादी घातली, गळा थोडा मिटवला. ड्रेस घालून ती आमच्यासमोर उभी राहिली तेव्हा खांदा शोधावा लागला. गंमत म्हणजे इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, ज्याला शेक्सपियरने कुबडा करून ठेवला, त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टरला मोटारी उभ्या करायच्या जागेखाली सापडला. कण्याला मोठा बाक निघाला, पण तपासणाऱ्या शास्त्रज्ञांनी लिहिलं की चांगला शिंपी आणि मापाचं चिलखत असेल तर तो फारसा दिसला नसता. आमच्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, 'राजाकडे पैसे बुडत नसतील.'

याच्या उलट, ब्रिटनच्या राजकन्या युजिनी यांचं बाराव्या वर्षी, २००२ साली, हेच ऑपरेशन झालं होतं. २०१८च्या लग्नात त्यांनी पाठ उघडी ठेवणारा पोशाख मुद्दाम निवडला, व्रण दिसावा म्हणून. मुलीने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, 'माझा व्रण हिच्यापेक्षा सरळ आहे.' दोन्ही रस्ते आम्हाला ठीक वाटतात. झाकायचं की दाखवायचं हे जिची पाठ तिने ठरवावं, मावशी-आत्यांनी नाही.

घरी आम्ही एक केलं. मागच्या खोलीच्या दाराच्या चौकटीत ओळंबा टांगला, फरशीवर पावलांच्या खुणा केल्या, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच जागी, त्याच अंतरावरून मागून फोटो घेतला. फोटो आईने घ्यायचा, ठेवायचा मुलीने. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना बदल कळत नाही. सुरुवातीला खांद्यांत दोन सेंटिमीटरचा फरक होता, चौदाव्या महिन्यात तो एकाच्या आत आला. बरगडीचा उंचवटा होता तेवढाच आहे. वजन सहा महिन्यांत भरून आलं. मांडी घालून बसता येतं, कारण कमरेचे खालचे मणके मोकळे आहेत. वाकायचं असलं की ती पाठीतून न वाकता खुब्यातून वाकते. मागच्या नवरात्रात इच्छापूरला इच्छादेवीच्या पायऱ्या आमच्याआधी चढून वर जाऊन बसली होती.

काही बदल मात्र वाट पाहण्याचे नसतात. पहिल्या काही आठवड्यांत सारख्या उलट्या झाल्या, पोट फुगलं, तर गॅस किंवा नजर म्हणून घरी थांबू नये. कणा ताणला गेल्यावर बारीक मुलांत आतड्याचा वरचा भाग दोन रक्तवाहिन्यांच्या मध्ये दाबला जाऊ शकतो. हे क्वचित होतं, पण होतं. ताप, जखमेतून पाणी, पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, पाठीत नव्याने टोचणारी सळई, किंवा बरं बसलेलं धड पुन्हा एका बाजूला सरकू लागणं, यांत लगेच सर्जन गाठावा.

ज्यांच्या घरी पुढे ऑपरेशन आहे त्यांच्यासाठी आमच्या मुलीने प्रश्न लिहून दिले आहेत. 'कुठून कुठपर्यंतचे मणके जोडणार? खांदे कसे येतील, आणि आत्तापेक्षा वेगळे आले तर किती दिवस थांबायचं? बरगडी किती उरेल? कंबर दोन्हीकडून सारखी होईल का? व्रणाच्या भोवती बधिर राहील का?' तिचं म्हणणं, हे प्रश्न पेशंटने स्वतः विचारायचे आणि आईवडिलांनी गप्प बसायचं. जगभरात असे रुग्ण तपासणाऱ्या सर्जनांच्या संघटनेची बावीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. वेदना, हालचाल, मनाची स्थिती यांच्याबरोबर स्वतःचं शरीर स्वतःला कसं वाटतं हेही तीत विचारतात. म्हणजे हा प्रश्न लाडाचा नाही, त्यांच्याच कागदात आहे.

आणि ज्यांच्या घरी दहा ते पंधराची मुलं आहेत त्यांच्यासाठी एवढंच. मुलाला उघड्या पाठीने, हात जोडून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठीच्या पातळीत डोळा आणून बघा. एक बाजू वर दिसली तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. लंडनच्या विल्यम ॲडम्स यांनी १८६५ साली सांगितलेली ही तपासणी आजही पहिली समजली जाते, आणि तिला एक रुपया लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा पाठही बघा म्हणून पालकांनी सांगायला हरकत नाही.

आरतीला अजून थोडा वेळ आहे. आमची सगळी फाईल, आधीचे आणि नंतरचे एक्सरे, प्रसादाच्या टेबलामागे ठेवली आहे. ज्यांना बघायचे असतील त्यांनी जरूर यावं. मांडवातल्या रंगीत दिव्यांत एक्सरे नीट दिसत नाहीत, म्हणून घरून टॉर्च आणला आहे.