भरलेला अर्ज कोरा का दिसतो?

आमच्या खडकीत दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेली पुष्कळ मंडळी राहतात. कारखाना १८६९ सालचा, तेव्हा पेन्शनीचे अर्ज इथे पिढ्यान् पिढ्यांच्या पाचवीला पुजलेले. पूर्वी अर्ज निळ्या शाईने भरत. आता पुष्कळदा पीडीएफ फाईल येते. संगणकावरच रकाने भरायचे आणि ईमेलने परत पाठवायची.

शेजारच्या एका काकांनी असाच अर्ज भरून पाठवला. आठ दिवसांनी कार्यालयाचे उत्तर आले, ‘अर्ज कोरा आहे.’ काका संतापले. त्यांच्या संगणकावर नाव, पत्ता, खाते क्रमांक सगळे दिसत होते. गंमत अशी, की दोघेही खरे बोलत होते.

पीडीएफ अडोबी कंपनीने १९९३ मध्ये आणली. कागद कुठेही उघडला तरी तसाच दिसावा, हा तिचा उद्देश. भरता येणारे रकाने १९९६ च्या आवृत्तीत आले आणि गुंतागुंत वाढली. रकाना पानावर छापलेला नसतो, वरून ठेवलेला असतो. त्यात ‘गणपत’ लिहिले, की फायलीत दोन गोष्टी जायला हव्यात : ती अक्षरे आणि त्या अक्षरांचे चित्र. काही प्रोग्रॅम नुसती अक्षरे नोंदवतात. चित्र काढायचे काम फाईल उघडणाऱ्यावर सोडतात. समोरच्या प्रोग्रॅमने ते केले नाही, की रकाना रिकामा.

मराठीत तर आणखी भानगड. ‘शिक्षण’ लिहिताना पहिली वेलांटी फायलीत ‘श’नंतर नोंदली जाते, पण दिसायला आधी हवी, ‘क’ आणि ‘ष’ जुळून ‘क्ष’ व्हायला हवा. हे जमणारा प्रोग्रॅम आणि देवनागरी फॉन्ट दोन्ही लागतात. अर्ज करणाऱ्याने रकान्याला फक्त इंग्रजी फॉन्ट जोडला असेल, तर क्षीरसागरांच्या जागी चौकोनांची रांग उमटते. हा दोष भरणाऱ्याचा नव्हे, अर्ज बनवणाऱ्याचा, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर इलाज म्हणजे अर्ज सपाट करणे. इंग्रजीत ‘फ्लॅटन’ म्हणतात. रकान्यांतली चित्रे मूळ पानावर कायमची उमटवायची आणि रकाने काढून टाकायचे. मात्र चित्रच नसेल तर कोरेपणाच पक्का होतो, म्हणून आधी चित्रे तयार करून घ्यावी लागतात. घरच्या घरी सोपी युक्ती म्हणजे प्रिंटचा हुकूम देऊन प्रिंटरऐवजी पीडीएफ निवडायची. तयार झालेली नवी फाईल मोबाइलवर, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहायची. काकांचा अर्ज आम्ही असाच पुन्हा पाठवला, तो स्वीकारला गेला.

पण सरसकट सपाट करत सुटू नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाने २००६ मध्ये आणलेले ई-फॉर्म पीडीएफच होते, आणि त्यांतले रकाने सरकारी संगणक वाचत असे. असा अर्ज सपाट केला, तर वाचायला काही उरतच नाही. शिवाय सपाट केल्यावर चूक दुरुस्त करायला रकाना नसतो. मूळ भरलेली प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी.

डिजिटल सहीला आपल्याकडे २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली. ती सही फायलीच्या नेमक्या मजकुराशी बांधलेली असते. सहीनंतर सपाट केले, तर सहीचे नुसते चित्र उरते, तिची खात्री पटवता येत नाही. तेव्हा आधी भरा, मग सपाट करा, सही सगळ्यात शेवटी.