करमाफीच्या आडचा कर
(रायपूर येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

कॉम्रेड्स,

रायपूरच्या उरला-बिरगाव औद्योगिक पट्ट्यात मजुरांची मुले ज्या छोट्या खासगी शाळांत जातात, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

शिक्षणावर कर नाही, असे सरकार सांगते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा शालेय शिक्षणाची फी त्यातून वगळण्यात आली, हे खरे. परंतु ज्याची सेवा करमुक्त, त्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. कारखानदार यंत्रावरचा कर आपल्या मालावरील करातून वळता करून घेतो. शाळेला मात्र बाकांवरचा, संगणकावरचा १८ टक्के कर स्वतःच सोसावा लागतो. घरमालक या कराखाली नोंदलेला असेल, तर भाड्यावरही १८ टक्के. समजा, भाडे दरमहा ४०,००० रुपये आहे. म्हणजे वर्षाला ८६,४०० रुपये केवळ करापोटी गेले. स्वतःची इमारत असलेल्या बड्या संस्थेला भाड्याची ही झळ लागत नाही.

आयकरात सवलत आहे, असे यावर सांगितले जाते. २०२१ च्या वित्त कायद्याने सवलतीसाठी वार्षिक जमेची मर्यादा १ कोटीवरून ५ कोटी रुपये केली. पण वर्षाअखेर जिच्या हाती काही उरतच नाही, त्या शाळेला आयकरमाफीचा उपयोग काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर करमुक्त झाले. पालकांना मिळालेल्या या दिलाशाचे स्वागतच आहे. पण भाड्यावरचा कर जागच्या जागी आहे.

हा बोजा अखेर कोणावर पडतो? फी वाढली तर मजुरावर. न वाढली तर शिक्षिकेच्या तुटपुंज्या पगारावर.

दुसरीकडे, २०१८ पासून आयकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आकारला जातो. संविधानाच्या अनुच्छेद २७० नुसार उपकरातून राज्यांना वाटा द्यावा लागत नाही. शाळांचा मुख्य भार मात्र छत्तीसगडसारख्या राज्यांवरच आहे. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, ही कोठारी आयोगाची १९६६ ची शिफारस आजही अपुरीच आहे.

कॉम्रेड्स, आपण शिक्षणाच्या खासगीकरणाचे पाठीराखे नाही. प्रत्येक वस्तीत सुसज्ज सरकारी शाळा, हीच आपली मुख्य मागणी. परंतु ती पुरी होईपर्यंत छोट्या शाळांनी भरलेला हा कर त्यांना परत मिळाला पाहिजे, आणि तोही एका अटीवर : परत आलेला पैसा शिक्षकांच्या पगारातच गेला पाहिजे. पालक आणि शिक्षक या दोघांनाही संघटित करूनच ही मागणी पुढे रेटता येईल.