दात भरण्याआधी


जिन्यात भेटलं की बरेच जण मला विचारतात, "डॉक्टर, दातातली जुनी चांदी काढून टाकू का?" त्या चांदीत सुमारे निम्मा पारा असतो, हे खरं. म्हणून गरोदर बायकांना आणि 15 वर्षांखालच्या मुलांना ती नव्याने भरू नये. पण घट्ट बसलेली जुनी चांदी उगाच उकरू नका; काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त निघते. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट दिसायला छान, पण भरताना दात अगदी कोरडा ठेवावा लागतो. घाई चालत नाही.

डॉक्टर निवडताना तीन गोष्टी बघा: डेंटल कौन्सिलची नोंदणी, तुमच्यासमोर फोडलेलं निर्जंतुक हत्यारांचं पाकीट, आणि एक्स-रे दाखवून खर्च आधी सांगण्याची तयारी. विचारायला लाजू नका, दात तुमचा आहे!