शब्दाचें रूप आणि शब्दाचें काम

सातारा जिल्ह्यांतील पाटण हें गांव कोयना आणि केरा ह्या नद्यांच्या संगमावर वसलेलें आहे. पावसाळ्यांत तेथें दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं, म्हणून चार महिन्यांची बेगमी घरोघरीं उन्हाळ्यांतच करून ठेवावी लागते. अशाच एखाद्या घरच्या स्वयंपाकघरांतील फळीवर डबे ओळीनें मांडलेले असतात. सासूबाई नव्या सुनेस सांगतात, ‘लाल डब्यांत मीठ आहे, पिवळ्यांत साखर आहे.’ सासूबाई घरांत आहेत तोंपर्यंत हें सुरळीत चालतें. परंतु डब्यांचा रंग उडाला, किंवा एखाद्या वर्षीं सारेच डबे एका रंगाचे आणले, म्हणजे आमटींत काय पडेल हें सांगतां येत नाहीं. त्याच डब्यांवर ‘मीठ’ आणि ‘साखर’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असत्या, तर रंग कोणताहि असता तरी अडलें नसतें. रंग हें डब्याचें रूप होय. चिठ्ठी ही आंतील पदार्थाची ओळख होय.

संगणकाच्या प्रोग्रॅमाबरोबर जें मॅन्युअल येतें, त्याच्या पानांविषयीं गेल्या अर्धशतकांत जो वाद झाला, तो ह्या डब्यांच्या वादाहून निराळा नाहीं. मॅन्युअल लिहिणारानें शब्द ठळक दिसावा कीं तिरपा दिसावा एवढेंच नोंदवावें, कीं तो शब्द कोण आहे आणि त्याचें काम काय आहे हें नोंदवावें, असा तो प्रश्न आहे. वरवर पाहतां हा छापखान्यांतील किरकोळ प्रश्न वाटतो. त्यांतून अनर्थ कसा ओढवतो, हें एका कल्पित उदाहरणानें ध्यानांत येईल.

अशी कल्पना करावी कीं, पाटण तालुक्यांतील एका तरुणानें पुण्यास शिक्षण घेऊन, आपल्या भागांतील शाळांना रोजचा पाऊस मोजून त्याची नोंद ठेवतां यावी म्हणून ‘पाऊस’ नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. तो चालविण्यासाठीं ‘पाऊस’ हा शब्द टंकावयाचा आणि त्यापुढें आपल्या नोंदवहीचें नांव द्यावयाचें, म्हणजे सर्व नोंदींची बेरीज मिळते. मधें एक आडवी रेघ देऊन ‘प’ हें अक्षर टंकलें, तर बेरीज दाखवून झाल्यावर जुनी वही पुसली जाते. नव्या वर्षाचा आरंभ करण्यासाठीं ही सोय. तरुणानें मॅन्युअलचें पान लिहिलें. जें जसेंच्या तसें टंकावयाचें तें त्यानें ठळक केलें, आणि जें ऐच्छिक तें तिरपें केलें. तिरपें म्हणजे ऐच्छिक, हा संकेत त्याच्या मनांत स्पष्ट होता. पानावर मात्र तो कोठेंहि लिहिलेला नव्हता.

पुढें तें पान कोणीं तरी साध्या मजकुराच्या रूपानें दूरध्वनीवरून एका शाळेच्या कारकुनास पाठविलें. वाटेंत ठळकपणा गळाला आणि तिरपेपणाहि गळाला. कारकुनासमोर तीन शब्द सारख्याच अक्षरांत उभे राहिले, आणि त्यानें ते तिन्ही प्रामाणिकपणें टंकले. बेरीज अचूक मिळाली. परंतु जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुलांनीं भर पावसांत उभें राहून घेतलेल्या नोंदी त्याच क्षणीं नाहींशा झाल्या. दोष द्यावा तो कोणास? कारकुनानें सूचना पाळली होती, आणि तरुणाचें पान त्याच्यापुरतें बरोबर होतें. उणीव एकच होती. पानावर शब्दांचा पोशाख होता, त्यांची ओळख नव्हती.

आतां ह्या पानांचा पूर्वेतिहास पाहावा. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स नांवाची संगणकप्रणाली तयार केली, आणि तिच्या मॅन्युअलची पहिली आवृत्ति ३ नोव्हेंबर १९७१ ह्या दिवशीं निघाली. प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र पान, आणि प्रत्येक पानाचा क्रम ठरलेला: प्रथम नांव, मग वापरण्याच्या रीतीचा सारांश, मग वर्णन, मग संबंधित फायली आणि इतर पानांचे उल्लेख. विशेष म्हणजे त्यांत ‘दोष’ असेंहि एक सदर होतें. आपल्याच कृतींतील उणीव आपल्याच पुस्तकांत छापण्याचा हा प्रांजळपणा त्या परंपरेचें भूषण ठरला, आणि तो क्रम आजतागायत बहुतांशीं टिकला आहे.

तीं पानें छापण्याची रीत त्याहून थोडी जुनी होती. १९६४ सालीं मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयांत जेरोम सॉल्टझर ह्यांनीं ‘रनऑफ’ नांवाचा प्रोग्रॅम लिहिला होता. मजकुरांतील एखादी ओळ बिंदूनें आरंभली, कीं ती ओळ छापण्यासाठीं नसून छापणाऱ्या यंत्रास दिलेली आज्ञा आहे असें समजावयाचें, ही त्याची युक्ति. तिचाच वंश पुढें ‘रॉफ’ आणि ‘ट्रॉफ’ ह्या नांवांनीं बेल प्रयोगशाळेंत वाढला. त्यांपैकीं ‘ट्रॉफ’ हें जोसेफ ओसाना ह्यांचें काम. १९७९ सालीं युनिक्सची सातवी आवृत्ति निघाली, तिच्यांत मॅन्युअलच्या पानांसाठीं खुणांचा एक संच होता. सदराचा मथळा, परिच्छेद ह्यांना त्यांत खुणा होत्या. परंतु ओळीच्या पोटांतील शब्दांसाठीं ‘बी’ म्हणजे ठळक आणि ‘आय्’ म्हणजे तिरपें अशाच खुणा प्रामुख्यानें वापराव्या लागत. मथळ्याला ओळख मिळाली. शब्दाच्या वाट्यास केवळ रंग आला.

दुसरा विचार निराळ्या ठिकाणीं वाढत होता. १९६९ च्या सुमारास आय्. बी. एम्. ह्या कंपनींतील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी ह्यांनीं कायदेविषयक कागदपत्रांच्या कामांतून एक भाषा बनविली. तिच्या नांवांतील तीन आद्याक्षरें तिच्या तीन जनकांच्या आडनांवांचींहि आद्याक्षरें आहेत. त्या भाषेचें सूत्र असें कीं, लेखकानें ‘हा मथळा’, ‘ही यादी’, ‘हें अवतरण’ एवढें सांगावें. तें कसें दिसावें हें नंतर ठरवितां येतें. त्याच विचाराचें विस्तृत रूप १९८६ सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालें, आणि आज घरोघरीं दिसणारीं जालावरील पानें त्याच कुळांतील भाषेंत लिहिलेलीं असतात.

मॅन्युअलच्या पानांत हा विचार आणण्याचें श्रेय कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या युनिक्स-शाखेस आणि त्यांतील सिंथिया लिव्हिंगस्टन ह्या विदुषीस आहे. त्यांनीं रचलेला ‘एम्‌डॉक’ हा खुणांचा संच १९९० सालच्या बर्कलीच्या आवृत्तींत आला. त्यांत ‘ठळक करा’ असें सांगण्याची गरज बहुधा पडतच नाहीं. ‘एन्-एम्’ म्हणजे हें प्रोग्रॅमाचें नांव. ‘एफ्-एल्’ म्हणजे हा आडव्या रेघेनें आरंभ होणारा पर्याय. ‘ए-आर्’ म्हणजे ह्या जागीं वाचकानें आपला शब्द घालावयाचा. ‘ओ-पी’ म्हणजे हा भाग ऐच्छिक. ‘पी-ए’ म्हणजे फायलीचा पत्ता, आणि ‘एक्स्-आर्’ म्हणजे अमुक पान पाहावें. पर्यायापुढची रेघ लेखकानें द्यावयाची नसते, ती यंत्र देतें. ऐच्छिक भागाभोंवतींचे चौकोनी कंसहि यंत्रच घालतें.

पाटणच्या तरुणानें ह्या रीतीनें आपलें पान लिहिलें असतें, तर ‘प’ ह्या पर्यायावर ‘ऐच्छिक’ अशी खूण पडली असती. मग पान साध्या मजकुरांत उतरलें असतें तरी कंस शिल्लक राहिले असते, आणि कारकुनानें निदान विचारलें तरी असतें कीं, हे कंस कशासाठीं?

मराठी वाचकास ही कल्पना परकी वाटण्याचें कारण नाहीं. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ सालीं व दुसऱ्यांदा वाढवून १८५७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत शब्दापुढें लिंग दाखविणारें अक्षर आहे, आणि शब्द संस्कृत, फारसी किंवा अरबी असल्यास त्याचीहि संक्षिप्त खूण आहे. ह्या खुणा शोभेसाठीं नाहींत. शब्द कोणत्या जातीचा व कोणत्या घरचा हें त्या सांगतात. त्या कोशाच्या कामांत साह्य करणारे मेजर थॉमस कँडी ह्यांनीं मराठींत विरामचिन्हें रूढ केलीं. प्रश्नचिन्ह वाक्यास सुंदर करीत नाहीं, तें वाक्याचा हेतु सांगतें. सातारा जिल्ह्यांतच वाई येथें मराठी विश्वकोशाचें काम झालें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्यांतील नोंदींत कांहीं शब्दांपूर्वीं एक लहानसा बाण असतो. ह्या विषयावर स्वतंत्र नोंद आहे, ती पाहावी, असें तो वाचकास सुचवितो. बर्कलीच्या ‘एक्स्-आर्’ ह्या खुणेचें काम हेंच.

रूपालाच सर्वस्व मानण्याची किंमतहि मराठी घरांनीं मोजलेली आहे. संगणकावर देवनागरी लिहिण्याच्या प्रारंभीच्या अनेक पद्धतींत अक्षराची ओळख साठविली जात नसे. इंग्रजी अक्षरांच्या जागीं देवनागरीचे काने, मात्रा व अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. तो विशिष्ट टाईप ज्या संगणकावर नसेल, तेथें लग्नपत्रिका, प्रबंध, संस्थेचीं इतिवृत्तें हीं सर्व अर्थहीन रोमन अक्षरांची रांग होऊन उघडत. अक्षराच्या आकृतीऐवजीं अक्षरासच क्रमांक देण्याचें भारतीय मानक १९९१ सालीं ठरलें. त्याच वर्षीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व तींतहि देवनागरीस स्थान मिळालें. आज दूरध्वनीवर मराठी शब्द शोधला असतां सांपडतो, त्याचें मूळ त्या निर्णयांत आहे.

शोधण्याचा हा लाभ मॅन्युअलच्या पानांसहि मिळतो. २००८ सालीं क्रिस्टॅप्स झॉन्सन्स ह्यांनीं ‘मॅनडॉक’ नांवाचा प्रोग्रॅम आरंभिला; इंगो श्वार्त्से ह्यांनीं तो पुढें पुष्कळ वाढविला. तो ह्या खुणा वाचून पान पडद्यावर, कागदावर किंवा जालावर उतरवितो. शिवाय खुणेच्या अर्थानुसार शोधहि घेतो. एखादा शब्द फायलीचा पत्ता म्हणून कोणकोणत्या पानांत आला आहे, असें त्यास विचारतां येतें. ज्या पानांत तो शब्द केवळ बोलण्याच्या ओघांत आला असेल, तीं पानें तो बाजूस ठेवतो. जेथें सर्वच ठळक शब्द सारखे, तेथें हा प्रश्न विचारण्याचीच सोय नसते.

ह्या रीतीवर आक्षेप नाहींत असें नाहीं. खुणांची संख्या शंभरावर आहे, आणि दोन खुणांनीं काम भागत असतां एवढें कोणीं शिकावें, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. बर्कलीच्या परंपरेंतील प्रणाल्यांनीं ही नवी रीत स्वीकारली. लिनक्सवरील बहुसंख्य पानें मात्र अद्यापि जुन्या रीतीनें लिहिलेलीं किंवा इतर भाषांतून जुन्या रीतींत उतरविलेलीं असतात. आक्षेपांत तथ्य आहे, तरी त्यास उत्तरहि आहे. एका साधारण पानास दहा-बारा खुणा पुरतात. शिवाय खूण चुकीची लावली तर ती निरुपयोगी होते, आणि वाईट वाक्यास कोणतीहि खूण सुधारूं शकत नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु ह्या रीतीचा सर्वांत मोठा लाभ यंत्रास होत नाहीं. तो लिहिणारास होतो. शब्द ठळक करण्यास विचार लागत नाहीं. ‘हा शब्द कोण?’ असा प्रश्न प्रत्येक शब्दापाशीं विचारावा लागला, म्हणजे लेखकास थांबावें लागतें. पाटणचा तो तरुण ‘प’ ह्या अक्षरापाशीं थांबला असता, तर त्याच्या मनांत आलें असतें कीं, हा पर्याय ऐच्छिक आहे एवढेंच पुरेसें नाहीं, तो घातक आहे. वही पुसण्यापूर्वीं प्रोग्रॅमानें एकदां विचारावयास हवें. पान लिहितांलिहितां प्रोग्रॅमाचाच दोष उघड झाला असता, आणि ‘दोष’ ह्या सदरांत लिहिण्याऐवजीं तो दुरुस्तच झाला असता. शाळेंत वाक्याचें व्याकरण चालवितांना कर्ता कोणता, कर्म कोणतें हें मुलांकडून वदवून घेतात तें ह्याचसाठीं. वाक्य पाठ म्हणतां आलें तरी तें समजलेलें असतेंच असें नाहीं.

आकाशवाणीवरील भाषणास ठळक अक्षर नसतें आणि तिरपें अक्षरहि नसतें. श्रोत्यास पानाचें रूप दिसत नाहीं. वक्त्यानें सांगितलें तेवढेंच त्याच्यापर्यंत पोंचतें. दृष्टिहीन विद्यार्थी आज संगणकाच्या आवाजाच्या साह्यानें पुस्तकें वाचतो, त्याचीहि स्थिति अशीच असते. ‘हा मथळा आहे’, ‘ही यादी आहे’ असें लेखकानें नोंदवून ठेवलें असेल, तरच तो आवाज तें त्यास सांगूं शकतो. नुसती मोठीं अक्षरें केलीं असतील, तर सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहींच नसतें. म्हणून ज्यास मॅन्युअलचें पान लिहावयाचें आहे, त्यानें तें एकदां डोळे मिटलेल्या माणसास वाचून दाखवावें. कोणता शब्द जसाच्या तसा टंकावयाचा, कोणत्या जागीं आपला घालावयाचा आणि कोणता वगळला तरी चालेल, हें ऐकणारास कळलें, तर तें पान पाटणच्या शाळेंत पाठविण्यास हरकत नाहीं.