साध्य आणि साधन

कापूस एकाधिकार खरेदी योजना महाराष्ट्रात 1972 साली सुरू झाली, तेव्हा तिचा हेतू निःसंशय उदात्त होता. कापूस उत्पादकाला अडत्या आणि सावकार यांच्या पकडीतून सोडवावे, रुईच्या नफ्यातील वाटा त्याच्या पदरी पडावा, म्हणून शासनाने एकमेव खरेदीदाराची भूमिका पत्करली.

परंतु राज्याच्या सीमेला कुंपण नव्हते. बाहेर भाव चढला की इथला कापूस चोरवाटांनी परराज्यात जाई. बाहेर भाव पडला की परराज्यातील कापूस इथल्या केंद्रांवर येई. तेजीतला नफा निसटे, मंदीतला तोटा मात्र तिजोरीवर पडे. केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागत, प्रतवारीवरून वाद होत, चुकारे रखडत. आणि चुकारा रखडला की शेतकरी पुन्हा त्याच सावकाराच्या दारी उभा राही.

तरीही मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली. खासगी खरेदीला वाट मोकळी झाली ती 2002 साली, तीस वर्षांनी.

योजनेवरील टीका म्हणजे व्यापाऱ्यांची वकिली, या समजुतीने समाजवादी विचाराचेच नुकसान केले. निकामी साधन टाकून देणे म्हणजे साध्य सोडणे नव्हे. रास्त भाव आणि वेळेवर चुकारा ही मागणी आजही न्याय्यच आहे. योजनेचा हिशेब कार्यकर्त्याने कचेरीत नव्हे, शेतकऱ्याच्या अंगणात बसून मांडावा. थांबण्याची वेळ तिथेच प्रथम कळते.