मोकळी जागा हाही आपला वारसा

(झिंज, बहरीन येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव काहीसे रुक्ष आहे: सांस्कृतिक स्थळे व मोकळ्या जागा यांचे जतन आणि त्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी करावयाचे नियोजन. परंतु याच रुक्ष नावाखाली दीक्षाभूमी येते, आपल्या गावचा विहार येतो आणि विहारापुढचे पटांगणही येते. त्यामुळे वैद्यकीय व्यवसायातील माणसाने यावर बोलण्याचे धाडस केले, तर आपण ते गोड मानून घ्यावे.

दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली, तेव्हा तेथे स्तूप नव्हता. होते ते नागपूरच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे उघडे मैदान. (लस-संस्थेच्या शेजारी हे घडावे, हा योगायोग मला डॉक्टर म्हणून फार हृद्य वाटतो.) आजचा भव्य स्तूप वास्तुविशारद शिवदानमल यांच्या आराखड्यानुसार उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याआधीची पंचेचाळीस वर्षे माणसे येत होती ती त्या भूमीसाठी. बाबासाहेबांच्या अनुयायांची पावले जिला लागली ती माती, हेच तेथील पहिले स्मारक होय.

ही गोष्ट विकासाच्या आराखड्यांत विसरली जाते. दीक्षाभूमीच्या विकासकामांत भूमिगत वाहनतळाची योजना आली आणि खोदकाम सुरू झाले. स्तूपाला व बोधिवृक्षाला धोका पोहोचेल या भीतीने १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तेथे जमले. आंदोलन चिघळले, बांधकाम साहित्याची जाळपोळ झाली. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत कामास स्थगिती जाहीर केली. वाहनतळाची गरज खोटी होती असे मी म्हणणार नाही. अशोक विजयादशमीला येणाऱ्या गाड्या कोठेतरी उभ्या राहावयास हव्यातच. माझा आक्षेप निराळा आहे. लाखोंचा समुदाय जेथे एकवटतो, तेथे उघडी जमीन म्हणजे पाण्याच्या टाक्यांची, प्रथमोपचार केंद्राची आणि संकटसमयी बाहेर पडण्याची जागा असते. गर्दीत गुदमरून माणसे दगावतात ती मुख्यतः वाट अरुंद झाल्यामुळे. नकाशावर जी जागा रिकामी दिसते, ती त्या दिवशी रिकामी नसते.

आंदोलनाने काम थांबले, हे खरे. पण प्रत्येक वेळी आंदोलन वेळेवर पोहोचत नाही. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त झाला. पुढे मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. वास्तू मात्र तोवर पडून गेली होती. रोग बळावल्यावर शस्त्रक्रिया करण्यापेक्षा आधी लस टोचणे बरे, हे मी आयुष्यभर रुग्णांना सांगत आलो. येथे लस म्हणजे कागदावरील नोंद.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की नागरिकांना हरकती व सूचना देता येतात. बृहन्मुंबई सोडल्यास त्याची मुदत अवघी ३० दिवसांची असते. उद्यान, क्रीडांगण, सांस्कृतिक केंद्र अशी आरक्षणे त्याच योजनेत ठरतात. तीही अमर नसतात. दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, मालकाने नोटीस दिली आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांतही कार्यवाही झाली नाही, तर कलम १२७ अन्वये आरक्षण संपुष्टात येते. पाटी तशीच राहते, मैदान हातचे जाते.

आपण ज्या भूमीत पोट भरतो, तिच्याकडेही पाहावे. बहरीनमध्ये इसवी सनापूर्वी २२०० ते १७५० या काळातील दिलमुन संस्कृतीचे दफन-टेकाडे आहेत. विसाव्या शतकात रस्ते आणि वसाहतींखाली त्यांपैकी कितीतरी टेकाडे नाहीशी झाली. हमद टाउन तर अशाच टेकाडांच्या पट्ट्यात वसले. २०१९ साली युनेस्कोने २१ स्थळांवरील ११,७७४ टेकाडांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. म्हणजे उरले ते मोजले गेले, आणि मोजले गेले म्हणून आता त्यांना हात लावणे अवघड झाले. झिंजच्या लगतचा अधारीचा झरा मात्र भूजलाच्या अतिउपशामुळे विसाव्या शतकातच आटला. त्या झऱ्याचे पाणी पाटांनी दूरच्या बागांना जाई. त्यावरून येथील अरबी लोकांत म्हण पडली: अधारी दूरच्याला पाजते आणि जवळच्याला तसेच ठेवते. आपण परदेशस्थ मंडळीही दूरच्यालाच पाजतो, पण आपले पाणी बहुधा सिमेंटलाच मिळते. पुतळा, सभागृह, कमान यांसाठी आपण सढळ हाताने वर्गणी देतो. ज्या जमिनीवर हे उभे राहते, तिचा उतारा पाहण्याचे मात्र कोणाला सुचत नाही.

गावठाणातील जागेला सहसा सातबारा नसतो. विहारापुढचे पटांगण पिढ्यान्‌पिढ्या वापरात असते आणि कागदोपत्री ते कोणाचेच नसते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनद्वारे गावठाणांची मोजणी करून मालमत्तापत्रके तयार केली जातात. मोजणीच्या वेळी त्या जागेविषयी कोणी बोलले नाही, तर शेजारच्या भिंतीची रेघ पटांगणात सरकू शकते आणि मग तीच रेघ कायमची होऊ शकते.

यासाठी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ग्रामपंचायतीतून विहाराच्या व पटांगणाच्या जागेचा नमुना ८ चा उतारा काढावा, मोजणी झाली असल्यास मालमत्तापत्रकाची नक्कलही घ्यावी. नोंद नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडण्यास गावच्या तरुणांना सांगावे आणि त्या ठरावाची प्रत आपल्याकडे आणावी. पुढील मेळाव्यात या नकलांची फाईल टेबलावर असावी. प्रवासाच्या बॅगेत चार कागदांना जागा नक्कीच होईल.

जय भीम!