विवाह दिला, मूल नाकारले



पोर्तुगालने २०१० साली समलिंगी जोडप्यांना विवाहाचा अधिकार दिला, हे आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाकडे मात्र आपल्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. असा विवाह केलेल्या व्यक्तींना कोणत्याही प्रकारे मूल दत्तक घेता येणार नाही, असे ते कलम सांगत होते. याचा परिणाम चमत्कारिक झाला. त्या देशात तिशी ओलांडलेल्या एकट्या व्यक्तीला दत्तक घेण्याची मुभा होती. म्हणजे अविवाहित असताना जो अधिकार होता, तो विवाह करताच जाई! आणि हे विधेयक आणणारे सरकार समाजवादी पक्षाचे होते, ही गोष्ट आपण तरी झाकून ठेवू नये. लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास मनाई करणारी संविधानदुरुस्ती तेथे २००४ सालीच झाली होती.

नीतीची चर्चा पुष्कळ झाली. मी अर्थशास्त्राचा माणूस. मला प्रश्न दिसतो तो पालनपोषणाचा आणि मिळकतीचा. घरात आया दोन, सरकारी दप्तरात एकच. दुसरीने जन्मभर खस्ता खाल्ल्या तरी तिच्या मिळकतीत मुलाला वारस म्हणून हक्काचा हिस्सा नाही. पोर्तुगीज कायद्यात अपत्याचा हा हिस्सा मृत्युपत्रानेही हिरावता येत नाही. गोमंतकीयांना हे समजावून सांगायला नको. त्यांच्या वारसाकायद्यात ते तत्त्व आजही आहे. मुलांना इतके भक्कम संरक्षण देणाऱ्या कायद्याने नेमक्या याच मुलांना उंबऱ्याबाहेर ठेवले.

जोडीदाराचे मूल दत्तक घेऊ देणारे विधेयक २०१३ मध्ये पहिल्या मतदानात संमत झाले. मग सार्वमताची टूम निघाली; ती संविधान न्यायालयाने अडवली आणि मार्च २०१४ मध्ये संसदेने ते विधेयकच फेटाळले. पुढे २०१५ अखेर नव्या संसदेने दत्तकाचा पूर्ण अधिकार मान्य केला, तर जानेवारी २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष काव्हाको सिल्व्हा यांनी नकाराधिकार वापरला. हा बदल मुलांच्या हिताचा असल्याचे सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा आक्षेप होता. पण कित्येक मुले त्या घरांत आधीपासूनच वाढत होती! त्यांच्या हिताचा हिशेब कोणी मांडला?

संसदेने फेब्रुवारीत तो नकार झुगारला आणि १ मार्च २०१६ पासून कायदा अमलात आला. २०१० साली पहिलीत बसलेले मूल तोवर सहावीत पोहोचले होते.